साबणाने लाल झालेल्या उटण्याबाबत

प्रति,
मा. सौंदर्यप्रसाधन तपासणी अधिकारी,
जिल्हा तपासणी कक्ष, अकोला.

अर्जदार : किसनराव तुळशीराम दांदळे, निवृत्त मुख्य लिपिक, अध्यक्ष (तूर्त स्वतःच स्वतःला निलंबित केलेले), सजग ग्राहक मंडळ, बाळापूर, जि. अकोला.

विषय : मी दिलेली तक्रार खोटी असल्याने ती रद्द करून तक्रारदाराविरुद्ध, म्हणजे माझ्याविरुद्ध, नोंद घेणेबाबत.

संदर्भ : माझा दि. १० मार्च २०२५ चा तक्रार अर्ज. (भाषा उद्धट आहे. त्याबद्दल वेगळी क्षमा मागतो.)

महोदय,

१. संदर्भीय अर्जात मी असे कळविले होते की, येथील सुंदराबाई देवमन सिरसाट या घरी तयार करून विकत असलेले हळदीचे उटणे नैसर्गिक नसून त्यात रासायनिक रंग आहे. पुरावा म्हणून 'साबणाचे पाणी टाकताच उटणे लालभडक झाले, शेकडो महिला साक्षीदार' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तो मजकूर शब्दशः खरा आहे. उटणे लाल झाले होते. हळद साबणाने लाल होतेच, एवढेच मला माहीत नव्हते.

२. घडले ते असे. महिला दिनी आमच्या मंडळाने 'नैसर्गिक प्रसाधने कशी ओळखावीत' या विषयावर माझेच व्याख्यान ठेवले होते. सभागृहात महिलांच्या घरगुती मालाची टेबले मांडली होती. बोलता बोलता मी म्हणालो, "जे अस्सल नैसर्गिक असते ते कशातही घाला, आपला रंग सोडत नाही." हे वाक्य कोणत्या पुस्तकात आहे असे आपण विचाराल, तर कुठेच नाही. ते मला तिथेच सुचले, आणि टाळ्या पडल्यामुळे मला ते खरे वाटले. मग मी सुंदराबाईंच्या टेबलावरून चिमूटभर उटणे उचलले, काचेच्या ग्लासात साबणाचे पाणी घेतले आणि उटणे त्यात टाकले. ग्लास वर धरून मी माइकवर विचारले, "हे तुम्ही नवरीच्या अंगाला लावता?"

३. येथे एक गोष्ट लपवली तर हा अर्जही खोटा ठरेल. शेजारचे टेबल माझी पुतणी सौ. प्राजक्ता हिचे होते. तिचे उटणे चकचकीत डबीत, वर 'शंभर टक्के नैसर्गिक' असे सोनेरी अक्षरांत. ते मी ग्लासात टाकले नाही. ते मी नुसते हातात धरले आणि म्हणालो, "असे असावे." घरचे म्हणून सोडले की डबी पाहून भुललो, की सुंदराबाईंचे कोणी आपल्याला जाब विचारायला येणार नाही हे मनात कुठेतरी आधीच ठरले होते, याचा मी बराच विचार केला आहे. उत्तर मला आवडलेले नाही.

४. चूक उघडकीस आली ती एका सदऱ्यामुळे. आमच्या मंडळी सौ. शकुन या बहिणीकडे अमरावतीला गेल्या असताना माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पिठले सांडले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी प्रथमच स्वतः डागाला साबण लावला, आणि डाग लाल झाला. मला वाटले, घरच्या हळदीतही भेसळ आहे. मी किराणा दुकानदाराविरुद्ध अर्जाचा मसुदाही केला. शकुन परत आल्यावर त्यांना तो मोठ्या ऐटीत वाचून दाखवला, तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. म्हणाल्या, "हयद साबनानं लालच होते! साऱ्या बायांले ठाऊक हाय. जल्मात कधी आपला सदरा धुतला असता तं तुमालेबी कयलं असतं."

५. व्याख्यानाच्या दिवशी त्या पहिल्याच रांगेत होत्या. तेव्हाच का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्यांचे हसू थांबले. "चारचौघांत नवऱ्याले खाली पाहाले लावू का?" इतर महिलांना विचारले, तर त्यांचे म्हणणे असे की, साहेब शिकलेले, पुस्तकात काही निराळे लिहिले असेल. महोदय, हळदीचे डाग उभा जन्म धुतलेल्या बायांनी भरलेले सभागृह होते. त्यात एकट्यालाच ते ठाऊक नव्हते आणि माइक त्याच्याच हातात होता.

६. मी त्याच दिवशी सुंदराबाईंच्या घरी गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. लग्नसराई असूनही एकही घर त्यांचे उटणे नेत नाही. ज्यांनी आधी नेले होते त्यांनी दारात आणून ठेवले. याहून वाईट असे की त्यांची स्वतःचीच खात्री उडाली आहे. त्यांची मुलगी रश्मी हिची हळद २७ एप्रिल रोजी आहे. ज्या बाईने अर्ध्या बाळापूरच्या नवरीमुलींना हळद लावली, तिने स्वतःच्या लेकीसाठी दुसऱ्याचे उटणे विकत आणून ठेवले आहे. कोनाड्यात डबी दिसली. प्राजक्ताचीच होती. मी 'असे असावे' म्हणालो होतो ना.

७. मी हात जोडून म्हणालो, बाई, तुमचे उटणे चोख आहे, चूक माझी. त्यावर त्या म्हणाल्या, "लाल होते हे मले ठाऊकच होतं साहेब. पन तुमी गिलास धरून सांगतलं, तवा वाटलं हयदवाल्यानंच काई मिसयलं असंन. आता मले कोनाचाच भरोसा वाटत नाई. पोरीच्या तोंडाले काई झालं तं? तुमी भले मानूस म्हनून आता गोड बोलून राहिले. सरकारी कागद आना, मंग पाहू." माझे खोटे त्यांनी माइकवरून ऐकले, ते पटले. खरे मी त्यांच्या ओसरीवर बसून हळू आवाजात सांगितले, ते पटले नाही. यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

८. घरी येऊन मी प्राजक्ताच्या उटण्याला साबण लावून पाहिला. ते पिवळेधमक राहिले. त्याने माझी परीक्षा उत्तम रीतीने पास केली, पण हळद असती तर ते लाल व्हायला हवे होते. तिला विचारले तर म्हणाली, "मोठेबाबा, मी तं फक्त डब्या भरते. माल तयार येते, लेबलबी छापूनच येते." तथापि, या डबीबाबत मी कोणताही निष्कर्ष काढीत नाही. निष्कर्ष काढण्याचे काम मी बंद केले आहे. रंग, वास, फेस, लेबल यांवरून घरबसल्या ठरविणारा मी एक होतो, आणि माझ्याइतकी खात्री आणखी कोणाला नसो. आपण प्रयोगशाळेत तपासावे. भाऊ माझ्याशी बोलणे बंद करील, ते मी गृहीत धरले आहे.

९. आपल्या कार्यालयात काल चौकशी केली असता सांगण्यात आले की, माल खोटा असल्याची तक्रार घेता येते, माल खरा असल्याची तक्रार घेता येत नाही, आणि 'तक्रारदार खोटा' असा रकाना नमुन्यात नाही. मी स्वतः आयुष्यभर रकाने भरले आहेत व लोकांना रकान्याअभावी परत पाठविले आहे. तेव्हा हे मला समजते. तरीही प्रार्थना करतो की :

सुंदराबाईंच्या उटण्याचा अहवाल २७ एप्रिलपूर्वी द्यावा. ते शक्य नसल्यास आपल्या सहीशिक्क्याने मला असा आदेश द्यावा की, अर्जदाराने त्याच सभागृहात, तोच माइक लावून, हळदीचा सदरा सर्वांसमक्ष स्वतः धुवावा. आदेश सरकारी असला म्हणजे सुंदराबाई येतील. तोही देता येत नसेल तर मी विनाआदेश आठवडी बाजारात बादली घेऊन बसणार आहे. त्याबद्दल जी कारवाई करावयाची ती अवश्य करावी. त्या कारवाईच्या कागदावर तरी शिक्का असेल, तो मी बाईंना दाखवीन.

आपला नम्र व आता कशाचीच खात्री नसलेला,
(सही)
कि. तु. दांदळे
बाळापूर, दि. १६ एप्रिल २०२५

सोबत :
(अ) हळद सांडलेला माझा सदरा व साबणाची वडी. डाग वाळल्यावर पुन्हा पिवळा दिसतो, म्हणून आपण स्वतः साबण लावून पाहावा.
(ब) सौ. प्राजक्ता हिच्या उटण्याची दुसरी डबी, न उघडलेली.
(क) सुंदराबाईंच्या हातचे उटणे, एक वाटी. बाकीचे सर्व त्यांनी उकिरड्यावर फेकले. एवढे त्यांचे पती देवमन यांनी लपवून ठेवले होते, ते मला फाटकापाशी दिले. कृपया तपासणीस चिमूटभरच घ्यावे. उरलेले रश्मीच्या हळदीला लागेल.