मॅडमसाठी योग्य विशेषण

सोमवार, ३ जून
आमच्या ऑफिसच्या मॅडम शुक्रवारी रिटायर होतायत. निरोपाचं भाषण मी इंग्लिशमधून करायचं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. हेडक्लार्कच्या जागेसाठी शिफारस त्याच करणार. माझं इंग्लिश त्यांच्या कायम लक्षात राहिलं पाहिजे.

मंगळवार, ४ जून
पहिल्याच वाक्यात गाडी अडली. मॅडमच्या रूपाला विशेषण हवं. ‘ब्यूटिफुल’ कुणीही म्हणेल. ‘प्रिटी’ पोरीबाळींना. ‘स्मार्ट’ आपल्या लोकांनी पार झिजवलाय.

बुधवार, ५ जून
सापडलं. हँडसम! डिक्शनरीत स्वच्छ लिहिलंय, भारदस्त बाईलाही हँडसम म्हणतात. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, मॅडमना मिशा आहेत का. हिच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही.

गुरुवार, ६ जून
टायपिस्टबाईंनी टाइप करताना ‘हँडसम’ काढून ‘ब्यूटिफुल’ घातलं. वर म्हणाल्या, चूक सुधारली. चूक! डिक्शनरी नेऊन टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. शेवटी शब्द पेनानेच घातला.

शुक्रवार, ७ जून, संध्याकाळ
भाषण झालं. ‘अवर हँडसम मॅडम’ म्हटल्यावर सगळे हसले. अज्ञान, दुसरं काय. तिथल्या तिथे मराठीत अर्थ समजावला: जिला सुंदर म्हणता येत नाही, पण चेहऱ्यावर रुबाब असतो, अशा बाईला हँडसम म्हणतात. हसणं एकदम थांबलं. म्हणजे पटलं.

नंतर मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “शब्द बरोबर आहे तुमचा. कॉलेजात आमचे इंग्लिशचे सरही मला हेच म्हणायचे. तेव्हाच मी अर्थ बघून ठेवला होता. पण आज शेवटचा दिवस होता हो. आज चुकीचा शब्द चालला असता.”

थँक्यू म्हणालो.

शनिवार, ८ जून
शिफारस कॅशियरची झाली. त्याला काल भाषणात एक वाक्य धड पुरं करता आलं नव्हतं. मध्येच रडला. इथे व्याकरणाला किंमतच नाही.

दुपारी: तरी मन खात होतं. मॅडमना फोन करून ‘ब्यूटिफुल’ म्हणून टाकायचं ठरवलं. केला. त्यांच्या मिस्टरांनी उचलला. त्यांना कसं म्हणणार? राँग नंबर म्हणून ठेवला.

रविवार, ९ जून
मेव्हण्याकडे जेवायला जायचं होतं. बायको तयार होऊन समोर उभी राहिली. कशी दिसते, म्हणाली. म्हटलं, आता घाई नको, नीट विचार करून सांगू.

शब्द सुचला तेव्हा ती जिना उतरून गेली होती.