केसभर फट

चिरंजीव विसरभोळ्यास आशीर्वाद.

तुला एक आई आहे, हे आठवत असेल तरच पुढे वाच. मी सांगतेय, तुझी भाची लिहितेय. बाबांच्या त्या पत्र्याच्या तंत्रशाळेचं आता चार मजली इंजिनिअरिंग कॉलेज झालंय, तिथेच शिकते ती.

बाबा गेल्यापासून बंद असलेली त्यांची पेटी काल उघडली. परीक्षेत तू घासलेला लोखंडी तुकडा निघाला. वाकडा म्हणून त्यांनी तुला नापास केलं आणि तू घर सोडलंस, तोच. भाचीनं त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "आजी, केसभरही फट नाही गं यात!"

मला ते तेव्हाच ठाऊक होतं. निकालाच्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले होते, "काम चोख होतं. पण शाळेची पहिलीच बॅच आणि पोरगा माझा. पास केला असता, तर कोणी विश्वास ठेवला असता शाळेवर?" मी मुकाट्यानं वाढत राहिले. दुसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस, तेव्हाही तोंड उघडलं नाही.

तुझी आई

पोरी, हे पोस्टात टाकू नकोस. माझा धीर होत नाही. दुसऱ्या कागदावर त्याला एवढंच लिही: आईचे दात गेलेत, तिकडचे बिनबियांचे खजूर पाठव. जमलं तर स्वतः घेऊन ये.