सेल बदलल्याची तारीख

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळं आता तुमच्या रागाची भीती नाही. लोकांनी भंगारात टाकलेले जुने कॉम्प्युटर आजही चालावेत म्हणून आम्ही काही जण बिनपगारी एक ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळतो. त्यात घड्याळाच्या चिपचं काम माझ्याकडं आहे. मशीन बंद असलं तरी ही चिप पोटातल्या सेलवर तारीख मोजत राहते. सेल संपला की मशीन दर वेळी सुरू होताना कित्येक वर्षं मागं जाऊन बसतं.

आपल्या शाळेतलं एकुलतं एक मशीन असंच मागं गेलं होतं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी येडशीच्या एस.टी. गाड्यांची वेळ शोधून देणारा प्रोग्रॅम लिहिला होता, महिनाभराच्या मधल्या सुट्ट्या घालवून. तुम्ही फाईलची तारीख पाहिलीत आणि मला वर्गासमोर उभं केलंत. "तुझ्या जन्माच्या आधीच लिहून ठेवला व्हय गं हा प्रोग्रॅम? कुणाच्या फ्लॉपीवरनं उचललास?" वर्ग हसला. मी म्हणाले, आत्ता तुमच्यासमोर पुन्हा लिहून दाखवते. तर तुम्ही म्हणालात, चोर तो चोर, वर शिरजोर. प्रदर्शनाला दुसरंच कुणी गेलं. घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सर कशाला खोटं बोलत्याल?" दहावी होईपर्यंत पोरी मला चोरटी म्हणायच्या. तुम्ही ते ऐकत होता.

गेल्या महिन्यात धाराशिवच्या एका भंगारवाल्याकडं तेच मशीन मिळालं. झाकणावर शाळेचा नंबर आहे, पांढऱ्या रंगातला. चाचणीसाठी म्हणून मी ते उघडलं. चिपचं काळं कवच कानशीनं घासून उघडलेलं, दोन तारा बाहेर काढून नवा सेल जोडलेला, वर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर तुमच्या अक्षरात तारीख. प्रदर्शनानंतर अकराव्या दिवसाची.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माणूस चुकतो, त्याचा राग मी केव्हाच गिळला होता. पण कळल्यावर तुम्ही मशीन दुरुस्त केलंत आणि मला तसंच ठेवलंत. मी तिसऱ्या बाकावर बसत होते हो. पोरीसमोर चूक कबूल करायला एवढं जड जातं का? तारा जोडताना कथलाचा डाग इतका सुबक दिलाय की बघून चीड येते. तेवढे कष्ट माझ्यासाठी नको होते, दोन शब्द पुरले असते.

हे धाडायला पत्ता नाही, तेव्हा राहिलेलंही लिहून टाकते. शेवटच्या आजारात तुम्ही दोनदा निरोप दिलात, येऊन जा म्हणून. दुसऱ्या वेळी मी तुमच्या गावी, तेरपर्यंत आले. स्टँडवर चहा घेतला, अर्धा तास बसले आणि आली त्या गाडीनं परत फिरले. तुम्ही दाराकडं बघत असाल हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी मला ते बरं वाटलं होतं.