जवसाच्या चटणीचं भाकीत

पुसद, ४ मे २०२५

तीर्थरूप दादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

मी फोन उचलत नाही म्हणून तू सूनबाईजवळ फुगून बसल्याचं कळलं. अरे, उजवा कान त्या आजारात गेला तो गेलाच. डाव्यात तुझा आवाज भोंग्यासारखा शिरतो, शब्द मात्र एक कळत नाही. म्हणून पत्र.

परवा नागपूरला तपासणी झाली. आता तिथे निशिगंधा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी पुन्हा समजावलं, की शरीराची राखण करणारी फौजच डोकं फिरल्यासारखी आपल्या रक्तवाहिन्यांवर तुटून पडते. सध्या ती शांत आहे. पण कधी उलटेल? तर त्यांनी माझं रक्त, लघवी, वय, जुनी दुखणी सगळं कॉम्प्युटरात घातलं, आणि तो म्हणाला, आजार उलटण्याची शक्यता कमी. म्हणून पुढचं इंजेक्शन लांबवलं, तपासणी थेट दिवाळीनंतर.

मी खूश आहे, पण भीतीही वाटते, तुझ्यापासून काय लपवू? मागच्या वेळी सर्दी-सर्दी म्हणत तू पाठवलेला काढा पीत बसले आणि तोवर मूत्रपिंडं निम्मी कामातून गेली. पुन्हा उशीर झाला तर डायलिसिस, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा कृपा कर, काढा पाठवू नकोस.

इंदुवहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी
कुंदा


राळेगाव, १५ मे २०२५

चि. सौ. कुंदीस,
दादाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र भेटलं. काढ्याचं तू सात जन्म काढशीन.

अन हे कॉम्प्युटरचं काय लावलं वो? थोच टीव्हीवर सांगते का उद्या पाऊस, म्हणून मी तुरी झाकाले पयतो, अन ऊन असं पडते का डोक्शावर पापड भाजावा. त्याच्या भरोशावर तुह्यं इंजेक्शन बंद? अजब हाय बाप्पा!

मी यंदा आखजीले, तुमच्या शाळेतल्या अक्षय तृतीयेले, वावरात घट मांडला, तवाच तुह्यं बी पाहून घेतलं. भोवती गहू, ज्वारी, तूर ठेवली, अन तुह्या नावानं जवस. जे धान्य रातभरात हालते त्याचं साल वाईट. सकाळी पाह्यलं त ज्वारी पांगली, तूर मुंग्यायनं नेली, जवस जागचा हालला नाई. म्हंजे आजार उलटत नाई. घट वाचणाऱ्या पुंडलिकरावानं बी हेच सांगतलं, अन थे बी फुकटात.

हसशीन तू, शाळेतली बाई ना! हस. पन जवसाची चटणी पाठव. सून भाजते, पन तुह्या हाताची मजा नाई.

तुह्ये मालक श्रीकृष्णराव बोलत असतीन त त्यायले नमस्कार सांगजो. माया हाय तशीच ठेवजो.

तुह्या
दादा


पुसद, ८ जून २०२५

ती. दादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

घट वाचून पोट धरून हसले. मुंग्यांना तूर गोड लागली, त्यात माझ्या रक्तवाहिन्यांचा काय संबंध? पुंडलिकरावांनी गेल्या वर्षी वेळेवर पाऊस सांगितला आणि तू सोयाबीन दोनदा पेरलंस, ते विसरलास वाटतं! कॉम्प्युटरने निदान माझं रक्त तरी पाहिलं. तरी खरं सांगू, दोघांचं एकच म्हणणं ऐकून बरं वाटलं. दोन थापाड्यांचं एकमत झालं की धीर येतो.

तुझी सून प्रियंका इथल्या माहेराहून परतताना तिच्याजवळ चटणीचा डबा दिलाय. ह्यांनी ती पंधरा दिवस रोज खाल्ली, हूं की चूं केलं नाही. मला थोडी सर्दी आहे, पण पावसाच्या तोंडावर ती साऱ्या पुसदला आहे.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी
कुंदा


राळेगाव, १७ जून २०२५

चि. सौ. कुंदीस,
दादाचे अ. उ. आ.

डबा उघडला अन मले वाटलं घराले कोनी रंग देऊन राह्यलं. अवो, हे चटणी होय का दाराले लावाचं वार्निश? एवढा खवट जवस मी जल्मात खाल्ला नाई. कुत्र्याले टाकली त त्यानं हुंगली, अन माह्याकडं असं पाह्यलं जसं मी त्याचं काई वाईट केलं.

साऱ्या पुसदात म्हने बाईची चटणी वाखाणतात. कोन वाखाणते? श्रीकृष्णराव? त्यायले तू राख वाढली तरी खातीन! राग आला त येऊ दे. खोटं बोलून चटणी खाणारा मी नाई.

शिव्या देजो, पन पत्र लिवजो.

तुह्या
दादा


पुसद, १० जुलै २०२५

ती. दादास,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तुला खोटं पाडायला घरातली चटणी काढून हुंगली. काही नाही. खवट नाही की चांगली नाही. लसूण ठेचून नाकाशी धरला. काही नाही. हिंगाची डबी उघडली. काहीच नाही. तिथेच ओट्याला टेकून बसले, दादा. पहिल्या वेळी दूध करपून कोळसा झालं तरी मला पत्ता नव्हता, आणि आपण सगळे सर्दी म्हणत होतो.

ह्यांना विचारलं, चटणी खवट आहे का? तर भिंतीकडे पाहून म्हणाले, हो, पहिल्या दिवसापासून. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, गोळ्यांनी तुझा संताप वाढलाय, उगाच कशाला. घ्या! माझ्या भीतीने नवरा महिनाभर खवट जवस गिळतो, आणि म्हणे आमचा सुखाचा संसार!

दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठलं. आजार उलटलाच होता, पण नाकातच होता. मूत्रपिंडांपर्यंत पोचायच्या आत सापडला. इंजेक्शन दिलं, जे उरलंय ते वाचलं. डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, आमचं गणित शंभरातल्या किती जणांचा उलटेल एवढं सांगतं, त्यातल्या तुम्ही कोण ते सांगत नाही. काही वेगळं वाटलं की लगेच या, हे मी ठासून सांगायला हवं होतं. तुझा घट मात्र अजून काही म्हणालेला नाही.

आता ऐक. दर महिन्याला चटणी पाठवीन, पहिला डबा राखीबरोबर येईल. वास परतेपर्यंत शेजारच्या हंसाबाईच्या नाकाने जवस पारखून घेईन. पण मी आजारी म्हणून गोड बोललास तर याद राख. गोड बोलणारा एक आहे माझ्या घरात, दुसरा नको.

तू वाचवलंस. पुन्हा असं लिहिणार नाही, आत्ताच वाचून घे.

तुझी
कुंदा


राळेगाव, १६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कुंदीस,
दादाचे अ. उ. आ.

तुह्यं मागचं पत्र वाचून इंदूसमोर रडलो. मी हासून राह्यलो, अन तिकडं तुह्यावर हे बेतलं होतं.

पुंडलिकरावाले सांगतलं. थो म्हने, घटानं जवसावर बोट ठेवलं होतं, तुम्हालेच समजलं नाई. अन पुढच्या सालासाठी नारळ मागून गेला.

राखी बांधली. डबा दोनदा हुंगला, मंग इंदूच्या नाकाशी धरला. जवस खवट नाई. मीठ जास्त हाय. अन तीळ करपले हायेत, कुंदे. करपतांनी तुले वास आला का नाई, थे आधी लिव्ह. लवकर लिव्ह, मले घास गोड लागत नाई.

तुह्या
दादा


पुसद, २२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आला. चांगला आला. तीळ मुद्दाम करपवले होते, तू गोड बोलतोस का ते पाहायला. जेव आता.

तुझी
कुंदा