ह्यांचे टाके

सोलापूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज ह्यांचे टाके उसवले. हे जाऊन अजून वर्षही झालं नाही.

उद्या भावजी ह्यांच्या सायकलवर शर्यतीत उतरणार, आणि टायर पंक्चर. हा शर्यतीचा कापडी टायर, ट्यूब आत घालून गोल शिवलेला. उसवल्याशिवाय ठिगळ लागत नाही. एरवी शिवायची मीच. मी जेऊरला माहेरी असताना एकदाच ह्यांनी वीतभर शिवला होता. लांब, वेडेवाकडे टाके. केवढी हसले होते मी!

पाण्यात बुडवला तर बुडबुडे माझ्या शिवणीपाशी. बरं वाटलं. तिथं उसवून पाहिलं, तर ट्यूब धड. हवा आतून सरकून भलतीकडेच निघत होती. भोक नेमकं ह्यांच्या टाक्यांखाली. कात्री घेऊन नुसती बसून राहिले. "वहिनी, ऱ्हाऊ द्या की," म्हणून भावजी बाहेर गेले. राहू कसं द्यायचं? शर्यत उद्या आहे.

उसवलं. ठिगळ लावलं. शिवताना सुई जुन्याच भोकांतून घालावी लागते, नाहीतर कापड फाटतं. भावजींनी येऊन टायरवरून बोट फिरवलं आणि हसले, "वहिनी, तुमी तर दादासारखंच शिवलं की!"

मी नाही हसले. त्या टाक्यांना एकदा हसले तेवढं पुरे.