मीठ न मागणारा

घरच्या सरकारांस सप्रेम नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे. बर्फाने रस्ता बंद झालाय, त्यामुळे छावणीतलं मीठ संपलंय आणि आम्ही सगळे तिन्ही त्रिकाळ मटणच खातोय, एवढंच.

आधी घास घशाखाली उतरत नव्हता. आता बिनमिठाचंही गोड लागतं. काल आचाऱ्याने चहात चिमूटभर साखर घातली, तर मला ती सोसवेना. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तंबूत नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

तुझ्या प्रत्येक भाजीवर मी वरून मीठ घ्यायचो आणि तू गाल फुगवायचीस. आता कुणावर फुगतेस? आईचे गुडघे काय म्हणतात?

घरी आल्यावर पहिल्याच घासाला माझं तोंड वाकडं झालं, तर मनाला लावून घेऊ नकोस. माणूस पोचला, जीभ अजून वाटेत आहे, असं समज.

तुझाच,
मीठ न मागणारा