एक थाऊ मोठी गोळी

अण्णा, साच्यातून गरम गोळी ओल्या गोणपाटावर पडली की चर्र असा बारीक आवाज व्हायचा, तो आज सकाळपासून कानात आहे. मागच्या पडवीत तुम्ही चुलीवर शिसं वितळवत बसलेले असता आणि मला म्हणता, "म्हण शाळेतली एखादी कविता." ती संपेपर्यंत साचा पुरेसा तापायचा. लहानशी म्हटली तर, "आखूड झाली, दुसरी घे." कवितेची गोडी मला लागली ती अशी, शिशाच्या वासात. रायफल तुमची शेतीरक्षणाच्या परवान्याची, भातात उतरणाऱ्या डुकरांसाठी. पण वाडीतला तुमचा मान तिच्यामुळेच होता.

नव्वदच्या दशकातली ती सुट्टी आठवते. बहारीनहून आलो तर आईनं आधी तेच सांगितलं, यंदा तुमची एकही गोळी लागली नव्हती. वाडीतले चेष्टा करत होते, "अण्णा, डुकरालाच सांगा, जरा पुढं ये म्हणून!" तुम्हीही हसलात. जेवताना मात्र हळूच म्हणालात, "डोळा गेला रे माझा. बंदूक ठाण्यात देऊन टाकतो." तुमचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी नळी उजेडाकडे धरली. आतल्या खाचांवर शिशाचा राखाडी लेप बसला होता. विचारलं तेव्हा कळलं, आपला साचा तडकला म्हणून तुम्ही व्याह्यांच्या रायफलीचा आणला होता. "गोळी ती गोळी, त्यात काय बघायचं नाय," तुम्ही म्हणालात. मग आपण दोघांनी मऊ शिशाचा गोळा तेल लावून, लाकडी दांड्यानं ठोकत नळीतून पार काढला. त्याच्यावर खाचांचा ठसा उमटला. व्याह्यांच्या साच्यातली गोळी शेजारी ठेवली तर नुसत्या नजरेलाही बारीक दिसली. बारीक गोळीच्या कडेनं जाळ निसटतो, शिसं वितळून नळीला बसतं, गोळी खाचा धरत नाही आणि भरकटते. "म्हणजे डोळा..." म्हणून तुम्ही थांबलात. मी म्हटलं, "नवा साचा करून पाठवतो. तोवर बंदूक देऊ नका."

तो ठशाचा गोळा मी सामानातून बहारीनला आणला आणि मी पंप दुरुस्त करायचो त्या वर्कशॉपमध्ये मोजला. पंपाच्या कामात जेवढ्यास तेवढं बसवायचं. शिशाचं तसं नाही, ते नळीत दाबलं गेलं तरच खाचा धरतं. म्हणून गोळी त्या ठशाहून एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मोठी हवी. शिवाय थंड होताना शिसं आकसतं, तेही धरायचं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मशीन मागायला गेलो तर पेशावरचा फोरमन दचकला. "बंदूक का काम? मफी, बिल्कुल नहीं! मेरी नौकरी खलास करवाएगा?" मी म्हटलं, "उस्ताद, बाप के लिए है." तो दारातून बाहेर डोकावला. मग म्हणाला, "यल्ला, जल्दी कर," आणि स्वतः दाराशी पहाऱ्याला उभा राहिला. मी साचा कोरत होतो आणि तोंडानं कविता चालली होती. "दुआ पढ़ता है क्या?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "वही समझो."

इथल्या नईम भागात कापडाचं दुकान असलेले आपल्याकडचे चाचा ईदला गावी निघाले होते. साचा त्यांच्याकडे दिला. "इंशाल्ला, अण्णांच्या हातातच देतो," ते म्हणाले. ते पोचले तेव्हा तुम्ही नव्हतात. बंदूक तर त्याच्याही आधी ठाण्यात गेली होती. आईनं फोनवर सांगितलं, "म्हणाले, पोर माझं मन राखायला साचा करतंय. डोळा गेला तो गेला."

तुमच्या दिवसकार्याला मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, अण्णांचा डोळा शाबूत होता, साचा चुकीचा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण अण्णा, माझ्या साच्यातली एकही गोळी कधी उडाली नाही. नळीतला लेप खरा होता, एवढं मी जाणतो. डोळाही थोडा गेला असेल. मला माहीत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठं जायचा नाही.

बेल वाजते आहे. भर दुपारी कोण? मुलगा. या वेळेला तो सखीरला कामावर असतो.

"हाफ डे घेतला, बाबा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुमची अपॉइंटमेंट आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही चहा कपाबाहेर ओतता. आय कॅन सी, बाबा. चला."

मी म्हटलं, एवढी ओळ लिहून होऊ दे.  तो माझ्या चपला हातात घेऊन दारात उभा आहे.